अजून एक उकळी

दोंदूला सासूचा राग यायचा तो सासू वाईट होती म्हणून नाही. वाईट सासवांचं बरं असतं, त्यांच्याशी कडाकडा भांडता येतं. एशे म्हातारी, घरातल्या सगळ्यांची 'अना' म्हणजे आई, वाईट नव्हती. तिनं दोंदूला बाळंतपणात जागचं हलू दिलं नाही. सून माहेरी निघाली की तिची पिशवी भरायला आधी हीच बसायची. आणि ओक्केश बायकोवर आवाज चढवायला लागला की चुलीतलं लाकूड हातात घेऊन ती मुलाकडे नुसती बघायची. एवढी गुणाची सासू. फक्त वसंत आला आणि तिर्शिकचा हंडा चुलीवर चढला की म्हातारीच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडायचं, आणि त्या एका वाक्यापायी दोंदूचा जीव मेटाकुटीला आला होता.

"खवखवतंय. अजून एक उकळी."

तिर्शिक म्हणजे तरी काय, तर विषाचं सार! अंदिरिनच्या डोंगरात बर्फ वितळलं की दगडी बांधांच्या कडेनं, अक्रोडांच्या सावलीत, भाल्याच्या पात्यासारखी हिरवीगार पानं वर येतात. सापाचा पाला म्हणतात त्याला. ओक्केशच्या बकऱ्या दोरीवर वाळत घातलेला सदरासुद्धा ओढून खातात, पण या पाल्याला तोंड लावत नाहीत. कच्चं पान जिभेला लागलं तर तोंडात सुयांची डबी सांडल्यासारखं होतं, ओठ सुजतात, घसा धरतो. खाजरा अळू त्याच्यापुढे अगदीच लेकरू. आणि इथली माणसं अख्खा हिवाळा वाट बघतात ती कशाची? तर याच पाल्याची. जगात पालक आहे, कोबी आहे, बांधावर चुका उगवतो, पण नाही. जे खाल्लं तर मरायची भीती तेच यांना गोड लागतं. बरं, ते खाण्याजोगं करण्याचा सगळा ताप बायकांच्या गळ्यात.

तो ताप असा. हाताला तेल चोळून पाला कापायचा, तो बारीक चिरायचा. कांडलेले गहू, हरभरे, आंबट दही, पीठ आणि मागच्या हंड्यातलं राखून ठेवलेलं विरजण असं सगळं कल्हईच्या हंड्यात घालून, हंडा घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला आंबत ठेवायचा. सकाळी तो आंबला की जाळावर चढवायचा आणि ढवळत बसायचं. बसायचं म्हणजे उभंच राहायचं. हात थांबला की तळ धरलाच. आंबटपणानं आणि आगीनं मिळून त्या पाल्यातलं विष मरतं. ते मेलं की नाही हे सांगायला डोंगरात एकच साधन होतं, माणसाची जीभ.

कुणाची जीभ, तेही ठरलेलं. घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईनं पहिला चमचा घ्यायचा. तिनं घेईपर्यंत हंड्याला कुणी बोट लावायचं नाही, जिनं मरमर ढवळलं तिनंही नाही. थोरली 'झालं' म्हणाली की वाडगे भरायचे. रीत चांगली होती. चुकून विष उरलंच तर एकाच्याच तोंडाला लागावं, आणि ते तोंड बरंच आयुष्य जगलेलं असावं, असा काहीतरी हिशोब असणार जुन्या माणसांचा.

दोंदूच्या घरी ते तोंड एशेचं होतं. आणि एशेचं तोंड म्हणजे पंचक्रोशीत गाजलेलं! ती वाळलेली तांबडी मिरची नुसती चावून खायची, डोळ्यांत टिपूस नाही. किटलीतला उकळता चहा फुंकर न मारता प्यायची. तिच्याकडे बघून गावातले पुरुष माना डोलवायचे. ही बाई मिरचीला जुमानत नाही आणि तिर्शिकमधलं खवखवणं मात्र तिला नेमकं कळतं, काय जीभ म्हणावी!

दोंदू सून म्हणून आली त्या पहिल्या वसंतात तिच्या तळव्यांना फोड आले होते. तिनं चमचा भरून सासूपुढे धरला. एशेनं तो तोंडात घेतला, डोळे मिटले, घास तोंडात धरून ठेवला. सगळं घर उभं. ओक्केश उभा, तेव्हा हयात असलेला सासरा उभा, कुत्रंसुद्धा दारात उभं. मग म्हातारीनं गिळलं आणि म्हणाली, "खवखवतंय. अजून एक उकळी."

नव्या सुनेचं असं होतंच, म्हणून दोंदूनं मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी थोडं घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं दही जास्त घातलं. एकदा हंडा जास्त वेळ आंबवला. एकदा तर चुलीवर चढवल्यावर सासूनं मागायच्या आधीच चोरून तीन उकळ्या जास्तीच्या दिल्या, दुपारची अजान होईपर्यंत ढवळत राहिली, आणि मग विजयी मुद्रेनं चमचा पुढे केला. म्हातारीनं डोळे मिटले. घर उभं राहिलं.

"खवखवतंय," म्हणाली. "अजून एक उकळी."

आता उकळी म्हणजे काही चहा गरम करणं नव्हे. चाखण्यासाठी जाळ काढलेला असतो, तो पुन्हा घालायचा. लाकडं आणायची. घट्ट होत आलेलं सार फडाफडा उडतं, हात पोळतो. आणि खांदा? दोंदूचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. हे तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा ओक्केश म्हणाला, "अना म्हणतेय तर दे की एक उकळी. लाकडाला काय तोटा आहे आपल्याकडे?"

"लाकूड आहे हो," दोंदू म्हणाली. "एक खांदा तेवढा बाजारातून आणून द्या."

ओक्केशनं जपमाळ काढली. घरात दोन बायकांचं काही सुरू झालं की त्याला देव आठवायचा.

तर दोंदूला हवं होतं ते एवढंच. दागिना नको, शहरात घर नको. एकदा, मरायच्या आत एकदा, सासूनं पहिल्या चमच्याला 'झालंय' म्हणावं. हसण्यासारखं वाटेल, पण ही भूक तिला जन्मापासूनची होती. दोंदू म्हणजे 'वळली'. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा आता तरी दैव वळो म्हणून बापानं हे नाव ठेवलं. दैव वळलंही, पाठीवर भाऊ झाला, पण त्याबद्दल दोंदूला कुणी शाबासकी दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. तेव्हापासून ही बाई जे करेल ते मन लावून करायची आणि कुणीतरी 'छान झालं' म्हणेल म्हणून वळून बघायची.

आणि वळून बघितलं की कोण दिसायचं? शेजारची हुरू. हुरूची सासू मरून बरीच वर्षं झाली होती. हुरू स्वतःच ढवळायची, स्वतःच चाखायची, स्वतःच स्वतःला पास करायची. तिर्शिकच्या दिवशी ती बांधावर कोपर टेकून हमखास उभी असायची.

"अगं दोंदू, आज तुमच्याकडचा धूर काही थांबेचना. परत नापास वाटतं?"

"म्हातारी माणसं, हुरू. त्यांचा मान ठेवावा लागतो."

"ठेव बाई, ठेव. आता तुझ्या घरात सून आली, तिच्यासमोर तरी पास हो."

ते खरंच होतं. मुलगा अदाना शहरात बांधकामावर होता आणि त्याची बायको गुलीझार घरी होती. ही पोरगी सासूच्या बाजूला उभी राहून लाकडं सारायची आणि आपल्या सासूची सासू आपल्या सासूला दरवर्षी कशी परत पाठवते ते टकामका बघायची. दोंदूला त्या डोळ्यांची लाज वाटायची. नातवंडाचं वय झालं तरी आपण अजून नवी नवरीच!

मग ते घडलं. तिर्शिकचे दिवस होते, पण त्या सकाळी हंडा काही चढला नव्हता. गुलीझारचं पोट बिघडलं होतं म्हणून दोंदूनं लहान पातेल्यात दही-गव्हाचं साधं पातळ सार केलं होतं आणि त्यात दोन पानं पालकाची टाकली होती. एशे आत अंथरुणावर होती, तिला सर्दी झाली होती. चुलीवर ढवळल्याचा आवाज तिच्या कानी गेला आणि तिनं आतून हाक मारली.

"झालं का गं? आण चमचा."

'अना, हे ते नाही,' असं दोंदू म्हणणार होती. शब्द ओठांवर आले होते. पण तिच्या अंगात काय शिरलं कोण जाणे, ती चमचा भरून आत गेली आणि काही न बोलता पुढे धरला. एशेनं तोंडात घेतला. डोळे मिटले. घास धरून ठेवला. गिळला.

"खवखवतंय," म्हातारी म्हणाली. "अजून एक उकळी."

पालक! पालक खवखवतोय!

दोंदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाहेर आली, परसात गेली आणि अक्रोडाच्या बुंध्यावर तिनं चमचा आपटला. चमचा लाकडी होता म्हणून मोडला, नाहीतर झाड मोडलं असतं. म्हणजे हे सगळं नाटक होतं! ते मिटलेले डोळे, ते घास धरून ठेवणं, अख्खं घर उभं करणं! चाखत नव्हतीच ही बाई. हिला फक्त सुनेला परत पाठवायचं होतं. दरवर्षी. प्रत्येक हंड्याला. आणि आपण मूर्ख, दही कमी पडलं का, जाळ कमी पडला का म्हणून रात्र रात्र विचार करत बसलो.

ती सासूला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण दोंदूला आता भांडायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

पुढचा हंडा तिनं शुक्रवारी चढवला. हुरूला मुद्दाम बोलावलं, "ये की जेवायला, वाडगा घेऊन ये." आदल्या रात्री थंडी परत फिरली होती, डोंगरावर पुन्हा बर्फ भुरभुरलं होतं, आणि हंडा नेहमीसारखा आंबला नव्हता. घोंगडी काढल्यावर नाकात जो वास भसकन शिरायला हवा तो शिरला नाही. दोंदूला ते कळलं. कळून तिनं मनात म्हटलं, ढवळून काढू. एरवी असा हंडा तिनं संध्याकाळपर्यंत ठेवला असता. पण हुरू वाडगा घेऊन बांधावर आली होती.

दोंदूनं ढवळलं, जाळ काढला, चमचा भरला. एशे चुलीपाशी येऊन बसली होती. तिनं सवयीनं हात पुढे केला.

"दे."

"नको, अना," दोंदू गोड आवाजात म्हणाली. "इतकी वर्षं चाखताय, दमला असाल. आज मी बघते."

गुलीझारच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. ओक्केशनं खिशात जपमाळ शोधली. हुरूच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की तिला जेवायची गरजच उरली नसावी. एशेचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला, मग तिनं तो मांडीवर घेतला.

दोंदूनं आयुष्यातला पहिला 'पहिला चमचा' तोंडात घेतला. हे लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातच आहे. या बाईनं शेकडो हंडे ढवळले होते, पण न झालेला तिर्शिक तिच्या जिभेला कधी लागलाच नव्हता. माहेरी आजी चाखायची, सासरी एशे. तिच्या वाट्याला यायचा तो पार मऊ झालेला, वर जास्तीची एक उकळी खाल्लेला. खवखवणं लगेच येत नाही, घास पोटात गेल्यावर मागून येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला आंबट लागलं, मीठ बरोबर लागलं, गहू मऊ लागला. आणि तिनं, सगळ्यांकडे बघत, जरासुद्धा न थांबता, इतक्या वर्षांचा साठलेला शब्द उच्चारला.

"झालंय!"

काय गोड वाटला म्हणून सांगू तो शब्द तिला. तिनं लसणाची आणि मिरचीची फोडणी चरचरवली, वाडगे भरले, पातळ रोट्या वाटल्या. एशेनं एकदा सुनेच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि आपला वाडगा मुकाट्यानं घेतला. सगळ्यांनी भराभर खायला सुरुवात केली, भूक लागलेली होती.

आधी हुरू थांबली. तिनं चमचा खाली ठेवला आणि गळ्याला हात लावला. मग गुलीझार खोकली. मग ओक्केशनं तोंड उघडलं आणि ते मिटेचना. दोंदूच्या स्वतःच्या जिभेच्या मुळाशी सुया फुटायला लागल्या, एक, दोन, मग मूठभर. क्षणात सगळं घर खाकरत, थुंकत, दह्याच्या भांड्यावर तुटून पडलं. हुरू अंगणात वाकून शिव्या देत होती, पण घसा धरल्यानं त्या कुणाला कळत नव्हत्या, हा एकच काय तो दिलासा.

"ठेवा! खाऊ नका! ठेवा ते!" दोंदू ओरडली.

सगळ्यांनी ठेवलेच होते. फक्त एशे खात होती. शांतपणे, रोटीनं वाडगा पुसून. तिचा वाडगा रिकामा झाला होता.

"अना, थांबा!"

"का?" एशे म्हणाली. "तू म्हणालीस ना, झालंय म्हणून?"

तिचे ओठ सुजून टम्म झाले होते. खालचा ओठ तर हनुवटीवर उतरला होता. डोळ्यांत मात्र काहीच नव्हतं, दुखलं नाही, खाजलं नाही, काही नाही. ती सुनेकडे नुसती विचारल्यासारखी बघत होती, आणि तिचा श्वास शिटी वाजवायला लागला होता हेही तिला कळलेलं नव्हतं.

त्या क्षणी दोंदूला कळलं. पालकाचं, मिरचीचं, उकळत्या चहाचं, सगळं एकदमच कळलं.

गावातल्या छोट्या बसवाल्याला हाका मारून म्हातारीला अंदिरिनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं? ओक्केशला बोलता येत नव्हतं, त्यानं हातानं पानाचा आकार काढून दाखवला. डॉक्टर त्याच डोंगरातला होता, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. "कुणी चाखलं होतं?" एवढंच त्यानं विचारलं. दोंदूनं मान खाली घातली. त्यानं म्हातारीला इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली, रात्रभर ठेवून घेतलं. दोंदू खाटेच्या कडेला बसून म्हातारीच्या छातीकडे बघत राहिली. आयुष्यात इतकी देवाची आळवणी तिनं केली नव्हती, आणि मध्येमध्ये रागही यायचा तो यायचाच. काय बाई ही! सांगायला काय झालं होतं?

सकाळी एशेची सूज उतरली. ओक्केश बस बघायला बाहेर गेला तेव्हा दोंदूनं विचारलं.

"अना, जीभ नाही ना तुम्हाला?"

एशेनं जीभ बाहेर काढून दाखवली.

"चेष्टा नका करू. चव कळत नाही ना? काहीच कळत नाही ना?"

म्हातारी खिडकीबाहेर बघायला लागली. "लहान होते," ती म्हणाली. "आई साबण करत होती. क्षाराचं पाणी भांड्यात काढलेलं. मला वाटलं ताक आहे, प्यायले, जीभ जळून गेली. जगले एवढंच."

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"आईला माहीत होतं. ती म्हणाली, सांगू नकोस, कुणी करून घेणार नाही, ज्या मुलीला मीठ कळत नाही तिच्या हातचं खाणार कोण?"

"अहो पण नंतर! पहिला चमचा हातात आला तेव्हा!"

"तेव्हा कशी सांगू गं? सासू मेली, सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत उभं. तू पण त्यात. हातात झारा, तळव्यांना फोड. तुम्हाला सांगू, की मला कळत नाही?"

"मग 'झालंय' म्हणायचं होतं की! एकदा तरी! तुम्हाला कळत नव्हतं तर 'खवखवतंय'च का?"

एशेनं सुनेकडे असं बघितलं की जणू ही पोरगी कधी शहाणी होणार आहे की नाही. "कळत नव्हतं म्हणून तर," ती म्हणाली. "झालंय म्हटलं आणि झालेलं नसलं तर? माझ्यामागून सगळी खाणार. लेकरंही खाणार. एक उकळी जास्त दिली तर जाणार काय? चार लाकडं."

"माझा खांदा!" दोंदू इतक्या जोरात ओरडली की नर्स डोकावली. "माझा खांदा गेला, अना! चार लाकडं म्हणे!"

"हं," म्हातारी म्हणाली. "तो गेला खरा."

दोंदूला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं, डोईच्या ओढणीत तोंड खुपसून.

"आणि काल?" तिनं नाक पुसत विचारलं. "काल का खाल्लंत? काल म्हणायचं होतंत अजून एक उकळी!"

"काल तू चाखलंस ना. सासू गेल्यापासून माझ्याआधी कुणी चाखलेलंच नाही, तशी रीतच. मला काय, तोंड बघून कळतं. तुझं तोंड बघितलं. एवढं उजळलेलं मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, झालंच असणार."

दोंदूनं हात टेकले.

आणि खरा वैताग तर पुढेच होता. त्या दिवसापासून गावात जो तो एशेच्या जिभेचं कौतुक करायला लागला. बघा, एकदा म्हातारीला डावललं तर काय झालं! तिची जीभ म्हणजे जीभ! हुरू बांधावरून, अजून घोगऱ्याच आवाजात, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची, "आमची दोंदू हो, सासूच्या वरताण निघाली होती. आम्हाला सगळ्यांना पुरणार होती एका खड्ड्यात!" आणि दोंदू मूग गिळून उभी. एक वाक्य बोलली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. एशे आत बसून ऐकत असायची. दोंदू ते वाक्य बोलली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. पण भांडी मात्र त्या दिवसांत फार आपटली.

पुढच्या वर्षी बर्फ वितळलं आणि पाला वर आला. दोंदूचा खांदा आता उचलतच नव्हता, म्हणून ढवळायला गुलीझार उभी राहिली. घामानं निथळत होती पोरगी. हंडा झकास आंबला होता, वास दारापर्यंत येत होता. जाळ काढल्यावर दोंदूनं चमचा भरला आणि रीतीप्रमाणे सासूपुढे धरला. एशेनं तो हात धरून परत सुनेच्याच तोंडाकडे वळवला.

"डोळे अधू झालेत माझे, चमचा सांडेल," ती ओक्केशला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "तू बघ."

दोंदूनं चमचा तोंडात घेतला. डोळे मिटले. घास धरून ठेवला, मग गिळला, आणि यावेळी थांबली. घर उभं होतं. ती जिभेच्या मुळाशी सुया शोधत होती. आंबट होतं, मऊ होतं, सुई एकही नव्हती. ती आणखी थांबली. तरी नव्हती. झालं होतं. अगदी उत्तम झालं होतं, स्वतः दोंदूनंही इतकं चांगलं कधी केलं नव्हतं. तिनं डोळे उघडले. गुलीझार तळव्यांवर फुंकर मारत तिच्याकडे बघत होती.

"झालं का, अना?"

दोंदूनं तोंड उघडलं. डोळ्यांसमोर मागच्या वर्षीचे ते पाच वाडगे, तो सुजलेला ओठ, ती श्वासाची शिटी.

"अजून एक उकळी दे," ती म्हणाली.

गुलीझारनं झारा हंड्याच्या काठावर ठक्कन ठेवला. तो आवाज दोंदूच्या चांगल्या ओळखीचा होता.

"कशाला?" कोपऱ्यातून एशे म्हणाली. तिचे अधू डोळे केव्हापासून सुनेच्या तोंडावर खिळलेले होते. "झालंय ते."

दोंदू गर्रकन वळली. इतकी वर्षं! इतकी वर्षं वाट बघितली त्या शब्दाची, खांदा घालवला, आणि तो आला कधी, तर वाद घालायला!

"काय म्हणालात?"

"झालंय म्हटलं. बघितलं ना मी तुझं तोंड. छान झालंय. पोरीला कशाला राबवतेस?"

"परत एकदा म्हणा."

"बहिरी झालीस का गं? झालंय! झालंय!"

"ऐकलं," दोंदू म्हणाली, आणि वाकून डाव्या हातानं तिनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.